नॉर्वेतली खिडकी

कर्नाटकातल्या आळंदच्या बाजारात तुरीचा सौदा करताना मी एकदा तरी उठून जातोच. भाव पटला नाही म्हणून नव्हे. चप्पल घालून पायरीपर्यंत गेलो की मागून हाक येते, "अण्णा, बसा की." मग खरा भाव सुरू होतो. या उठण्यावरच मी धंदा उभा केला.

माझा मेहुणा कलबुर्गीत प्राध्यापक आहे. एका लग्नाच्या पंगतीत तो दहा जणांसमोर म्हणाला होता, "दाजींना ताजमहाल दाखवा, ते संगमरवराचा भाव विचारतील." सगळे हसले. बायकोही हसली. ते मी विसरलो नाही.

गेल्या वर्षी तो डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे फिरून आला. त्याच्या फोटोंत नॉर्वेतल्या एका खेड्यातल्या खोलीची खिडकी होती. खाली काळंनिळं पाणी, समोर सरळ उभा डोंगर. बायको बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "मला तिथं फिरायचं न्हाई. दोन दिवस या खिडकीत नुसतं बसायचंय." तीस वर्षांच्या संसारात तिनं स्वतःसाठी दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

सगळा प्रवास मी त्या खिडकीभोवती आखला. खोली राखून ठेवली. पण मेहुण्याला पडली त्याच भावात ती मलाही पडावी, हे सहन होईना. फोनवर भाषांतर करून मी खोलीच्या मालकिणीला लिहिलं, भाव कमी करा. तिनं नम्रपणे कळवलं की भाव सर्वांना एकच. माझं डोकं फिरलं. लिहिलं, मग राहू द्या, खोली नको. म्हणजे मी पायरीपर्यंत गेलो.

हाक आली नाही. तासाभरात उत्तर आलं: खोली रद्द केली आहे, वेळेवर कळवल्याबद्दल आभार. मी घाईघाईनं लिहिलं, हवी आहे, तुमच्याच भावात हवी आहे. तोवर ती दुसऱ्या कुणी घेतली होती आणि त्या उन्हाळ्यात तिथं एकही दिवस रिकामा उरला नव्हता.

सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापत होती. "तिच्यासंगं पण सौदा केलाव व्हय?" एवढंच म्हणाली.

रविवारी मेहुण्याचा बायकोला फोन आला. ती खोली मिळाली का, त्यानं विचारलं. मी शेजारीच बसलो होतो.

"न्हाई रे, मीच नको म्हणले," ती म्हणाली. "मला तिथली थंडी सोसायची न्हाई."

तो तिला हसला, ते मला ऐकू आलं. मी तिच्या हातून फोन घ्यायला हवा होता. घेतला नाही.