फळ्याकडे तोंड करून

विज्ञानाच्या बाईंना मुलं पाठीमागे जप्तीबाई म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. बाकाखाली मोबाइलचा उजेड दिसला रे दिसला, की तो बाईंच्या ताब्यात जायचा. त्यामुळे यंदा मुख्याध्यापकांनी अभ्यासासाठी मोबाइल वर्गात आणायची परवानगी दिली, तेव्हा बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आता शिकवायचं कुणी, मी की त्या डबड्याने?" त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या. नवऱ्याने स्वतःच्या डबड्यातून मान वर न काढता नुसतं "हं" केलं.

पहिल्या बाकावर एक अबोल मुलगी बसे. तिला कमी ऐकू यायचं. कानात यंत्र होतं, तरी गेलं वर्षभर तिची वही अर्धीमुर्धीच राहायची. यंदा तिने मोबाइल बाकावर उभा करून ठेवायला सुरुवात केली. बाईंनी आधी कानाडोळा केला, मग राहवेना.

"काय बघतेस गं त्यात?"

"बाई, तुम्ही बोलता ते यात लिहून येतं."

बाईंनी चष्मा सावरून वाचलं. 'हृदयाला चार कप्पे असतात.' बरोबर. त्याखाली मात्र लिहिलं होतं, 'उद्या कपाटातून भक्त पुसायला जातात.' उजव्या कप्प्यातून रक्त फुप्फुसांकडे जातं, या वाक्याची ही गत झाली होती. बाईंना हसू आवरेना.

"हे मी म्हणाले?"

"तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोललात ना, म्हणून," मुलगी म्हणाली. मग चाचरत पुढे म्हणाली, "मलाही तसंच ऐकू येतं. ओठ दिसले की कळतं. तुम्ही वळलात की संपलं."

बाईंचं हसू मावळलं. इतकी वर्षं त्या फळ्याशीच बोलत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या आधी गुपचूप आकृती काढू लागल्या, मग वळून बोलू लागल्या. जन्माची खोड ती, मधेच विसरायच्या. मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "बाई, भक्त निघाले!" आणि बाई हसत वळायच्या. आता आम्हालाही नीट ऐकू येतं, असं मागची मुलं म्हणाली.

एके दिवशी त्या अबोल मुलीने हात वर केला. "बाई, हृदय दमत कसं नाही?"

बाईंना थोडं ठाऊक होतं, पुरतं नाही. "काढा रे मोबाइल, शोधू या," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून मुलीच्या शेजारी बसल्या.