भरलेली गाडी पुढे

सबंध रायगड जिल्ह्यात पायी चालण्याबद्दल बोलायचा अधिकार एकाच माणसाला आहे, आणि त्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं ट्रकमध्ये बसून काढली आहेत. हे माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा. मी जरा वाढवून सांगतेय असं वाटेल. लिहिताना मलाही वाटलं. पण रविवारी सकाळी एकदा आत्याच्या अंगणात येऊन उभे राहा, मग तुम्हीही हेच म्हणाल.

माझं गाव पालीच्या आतल्या बाजूला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अलिबागचं कॉलेज जवळ पडावं म्हणून मी रेवदंड्याच्या पुढे आत्याकडे राहते. आत्या वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. समुद्र बघून झाला की पाहुणे विचारतात, आता काय? त्या प्रश्नाचं उत्तर आतोबांनी ट्रक विकल्यावर शोधून काढलं. नारळी-पोफळीतून निघायचं, शिंपले भाजून चुना करायची जुनी पडकी भट्टी बघायची, तिच्या मागच्या शिंपल्यांच्या दगडावरून टेकडीला लागायचं आणि माथ्यावर बसून भाकरी खायची. लहान पोर, गुडघे दुखणारी आजी, पोट सुटलेले साहेब, सगळ्यांना झेपेल अशी वाट. ती आतोबांनी स्वतः काटे तोडून मोकळी केली आहे आणि तिच्याबद्दल ते असं बोलतात, जणू सरकारनं महामार्गच त्यांच्या नावावर केला आहे.

ट्रक गेला तरी ट्रकची सवय गेली नाही. निघण्याआधी पाहुण्यांना ओळीत उभं करून आतोबा हातातल्या काठीनं प्रत्येकाच्या चपलेवर, बुटावर ठोकून बघतात. टायरमधली हवा बघायची त्यांची ही जुनी पद्धत. पिशवीला लिंबू-मिरची बांधलेली असते. पाणी प्यायला थांबायचं झालं की "रेडिएटर तापला" अशी हाक येते. गळ्यात शिट्टी असते आणि मी त्यांची क्लीनर. "ही आमची कॉलेजवाली क्लीनर," असं ते पाहुण्यांना इतक्या कौतुकानं सांगतात, की मी पदवी घेतल्यावर हीच नोकरी करणार आहे असं एका पुण्याच्या काकूंना खरंच वाटलं होतं.

भट्टीपाशी आलं की माझी परीक्षा. मागचा दगड हातानं चाचपून ते म्हणतात, "हा काय हाय ते सांग यांना." मी घसा साफ करते. "शिंपले आणि वाळू एकमेकांना चिकटून हा दगड झालाय. चुनखडीचाच एक प्रकार. म्हणजे पूर्वी समुद्र इथपर्यंत असावा, असं मला वाटतं..."

"वाटतं काय? हाय का न्हाय?"

"आहे."

"मग ठासून बोल की. फीच्या पावत्या फाडून शिकतीयेस!"

पण आतोबांचा खरा कायदा यानंतर सुरू होतो. सगळ्यात हळू चालणारा माणूस सगळ्यात पुढे, बाकीचे त्याच्या मागे. कुणी ओलांडून जायचं नाही. स्वतः आतोबा शेवटी. घाटात ट्रकचा ताफा चढताना भरलेली गाडी पुढे ठेवतात आणि रिकाम्या गाड्या तिच्या चालीनं मागून येतात, म्हणजे कुणी एकटं मागे राहत नाही. हा नियम त्यांनी जसाच्या तसा माणसांना लावला. "हळू" हा शब्दसुद्धा ते चालू देत नाहीत. "हळू न्हाय म्हनायचं. भरलेली गाडी म्हनायचं."

चढावर थांबलं की आतोबा तळहाताएवढा दगड उचलून पुढच्या माणसाच्या टाचेमागे ठेवतात. "आता गाडी मागं सरकत न्हाय." पहिल्यांदा बघणारे हसतात. पण पनवेलच्या एका आजींच्या टाचेमागे त्यांनी असा दगड ठेवला, तेव्हा त्या हसल्या नाहीत. माथ्यावर पोचल्यावर म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी सगळ्यांच्या मागूनच चालतेय हो. आज सगळे माझ्या मागून आले." आतोबांनी त्यांना भाकरीबरोबर सुकटीची चटणी दोनदा वाढली.

सगळ्यांनाच हे पटतं असं नाही. एकदा महागडे बूट घातलेला एक तरुण कुरकुरला, "काका, मी पुढे जाऊन वरती थांबतो ना."

"जावा की," आतोबा म्हणाले. "पन भाकरीचा डबा भरल्या गाडीसंग येतो."

तरुण मुकाट्यानं रांगेत आला.

यंदा थंडी सरता सरता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. माझी जागा आतोबांच्या बरोबर पुढे. पूर्वी त्यांची काठी माझ्या पाठीशीच वाजायची. आता ती लांबून ऐकू यायला लागली. वळून बघितलं की ते वाकून एखादा शिंपला बघत असायचे. "दगड बघतोय. तू चल." एवढ्या वर्षांत वाटेत थांबून त्यांनी दगड कधी बघितला नव्हता, बघायचं काम माझ्याकडे होतं. शेवटी असल्यामुळे त्यांचं मागे पडणं दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं. मी आत्याला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "रात्री झोपेत गुडघा धरत्यात. मला म्हनले, ह्या रविवारी शेवटचं. ड्रायवर थकला की गाडी उभी करायची."

म्हणजे टेकडी बंद. आतोबांना मग अंगणात नुसतं बसलेलं बघायचं.

त्या रविवारी आत्या स्वतः आली. एरवी ती फक्त डबा देते. भट्टीपाशी आतोबांनी नेहमीसारखं विचारलं, "चला, आज भरलेली गाडी कंची?" नवीन पाहुणे त्यांच्यातल्या पोट सुटलेल्या एका काकांकडे बघायला लागले. आत्या म्हणाली, "अवो, तुमीच या म्होरं."

"मी?" आतोबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मी ड्रायवर हाय. मी कशाला म्होरं?"

"गुडघा कुनाचा सुजलाय?"

"चारचौघांत काय बोलतीस!"

पाहुणे भट्टीच्या विटा बघायला लागले. आतोबा पिशवी खांद्यावरून काढायला लागले तेव्हा मला कळलं, की ते आता मागे फिरणार. माझ्या ओठांवर नेहमीसारखं "मला वाटतं" आलं. ते मी गिळलं.

"आतोबा, नियम तुमचा आहे. भरलेली गाडी पुढे. तुम्ही परत गेलात तर आम्ही पण कुणी चढणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वाटतं का हाय?"

"आहे."

बराच वेळ ते काठीनं स्वतःच्याच चपलेवर ठोकत राहिले. मग गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. "क्लीनर, मागं थांब. कुनी सुटता कामा नये." आणि ते पुढे झाले.

एवढी सावकाश आम्ही ती टेकडी कधीच चढलो नव्हतो. मधल्या चढावर ते थांबले. मी रांगेच्या कडेनं पुढे गेले, शिंपल्यांचा एक दगड उचलला आणि त्यांच्या टाचेमागे ठेवला. त्यांनी खाली बघितलं.

"पक्का बसला?"

"पक्का."

माथ्यावर बसल्यावर ते खाली दिसणाऱ्या खाडीकडे नाही, आलेल्या वाटेकडे बघत होते. आत्याला म्हणाले, "ही वाट मीच केली, पन अशी कधी दिसलीच न्हाय बघ. नुसत्या लोकांच्या पाठी दिसायच्या."

टेकडी चालू आहे. चपलांवर काठी वाजते, लिंबू-मिरची दर शनिवारी बदलते, आणि आता भट्टीमागच्या दगडाबद्दलही आतोबाच सांगतात, माझ्यापेक्षा ठासून. मी शेवटी चालते. मला आता फक्त पाठी दिसतात. त्यांतली सगळ्यात पुढची, जराशी वाकलेली पाठ मधेच थांबते, आणि तिच्यामागे सगळी टेकडी थांबते. शिट्टी माझ्या गळ्यात असते. ती मी अजून एकदाही वाजवलेली नाही. कुणालाच घाई नसते, आणि मला तर मुळीच नाही.