पार्वतम्मांची टणक उशी

उशी मऊच घ्यायची असती, हे मला कुणी शिकवायची गरज न्हाई. उदगीरच्या बाजारात मी ब्लाउज शिवते, कापूस बोटांनी ओळखते. म्हणून शेजारच्या पार्वतम्मांनी "सिंधु, लेस विणायला एक उशी आण" म्हटल्यावर मी सावरीच्या कापसाची आणली. जरा तोऱ्यातच आणली, खरं सांगते.

अम्मा लहानपणी, माहेरी नांदेडला, मिशनच्या शाळेतल्या एका सिस्टरकडून ही लेस शिकलेल्या. उशीवर टाचण्या टोचायच्या आणि तीस-चाळीस लाकडी कांड्यांवर गुंडाळलेले दोरे त्यांच्याभोवती अदलाबदल करत विणत जायचं. लेक बाळंतपणाला आलेली. पहिल्या नातवंडाच्या कुंचीला आपल्या हातची लेस लागावी, एवढंच अम्मांचं मागणं. हाताला कंप सुरू झालेला, आणि डॉक्टर म्हणालेले, वाढतच जाईल.

आठवडाभर विणलं, आणि माझ्या मऊ उशीत टाचण्या कलल्या. वीतभर लेस ढिली पडून वाकडी झाली. माझं शहाणपण त्यांना नडलं. अम्मा एकेक टाचणी उपटून डबीत ठेवत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना देवणीला नेलं, गुरुपादप्पांकडं. वरातीच्या घोड्यांची खोगिरं भरण्यात त्यांचा जन्म गेला.

"किती वर्षं टिकाया पायजे?" त्यांनी विचारलं.

"माझ्या हातांपेक्षा जास्त," अम्मा म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं त्या हातांकडं बघितलं. गव्हाचं काड बारीक कापलं, जाड कापडाच्या पिशवीत मूठमूठ घालून मोगरीनं ठासत राहिला. दुपार सरली. मग उशीत दाभण खुपसून मला म्हणाला, "हालीव बघू." मी दोन्ही हात लावले, तरी दाभण हाललं न्हाई.

घरी आल्यावर अम्मांनी मनगटं त्या उशीवर टेकवली. हात थरथरत होते, कांड्या खुळखुळत होत्या, पण टाचण्या जागच्या हालत नव्हत्या, अन् दोरा बरोब्बर जिथल्या तिथं. ज्या बाईला चहाचा कप एका हातानं उचलत न्हाई, तिनं जाईच्या कळीएवढी फुलं विणली. मी मशीन बंद करून बघत बसायची. गिऱ्हाईकं बोंबलायची, बोंबलू दे. असलं काही मी जन्मात बघितलं नव्हतं.

बारशाला कुंची बाळाच्या डोक्यावर चढली. पाहुणे गेल्यावर अम्मांनी मला आत बोलावलं. उशीवर नव्या लेसचा दोरा मांडलेला होता.

"माझं झालं. आता कप दोन्ही हातांनी बी उचलंना," त्या म्हणाल्या. "पुढच्या नातवंडाची कुंची तुझ्याकडं. बस, मनगटं टेकव."

"अम्मा, मला जमंल का?"

"उशी पक्की हाय. हात शिकतेत."

मी बसले. पहिली टाचणी टोचताना माझा हात थरथरला. टाचणी मात्र ताठ उभी राहिली.