माझ्या सहीखाली वाढवलेला दाब

मी कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये पाठीवर टाकी घेऊन पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांचे रेग्युलेटर तपासते. टाकीतली हवा श्वास घेण्याजोग्या दाबाने देणारं हे यंत्र असतं.

उद्या सहा रेग्युलेटर एका टीमबरोबर हिमालयातल्या एका तलावावर जाणार होते. इतक्या गार पाण्यात आत बर्फ धरला तर झडप उघडीच राहते आणि टाकी बघता बघता रिकामी होते. दाब जास्त असला की हा धोका वाढतो, म्हणून मी तो मुद्दाम कमी ठेवला, सील बसवलं आणि प्रत्येकावर माझ्या सहीची चिठ्ठी बांधली.

आज दुपारी पॅकिंगआधी सहज गेज लावला. सहाही रेग्युलेटरचा दाब वाढवलेला होता. सील उघडून पुन्हा व्यवस्थित बसवलं होतं.

मला हे काम शिकवणारे सुभाषदादा शेजारीच होते. त्यांना विचारलं.

"पार्टी म्हणली, श्वास ओढायला जड जातंय. जरा स्क्रू फिरवला. लय काय न्हाई."

"मग चिठ्ठी तुमच्या सहीची का नाही लावली?"

"आगं, तुझ्या सहीवर त्यांचा लय भरवसा हाय."

मी चिठ्ठ्या कापल्या. त्या टीमच्या प्रमुखांना फोन करून खरं काय ते सांगितलं आणि एक दिवस मागून घेतला.

"घरातलं बाहेर सांगितलंस," एवढंच दादा म्हणाले.

दाब मी संध्याकाळपर्यंत परत कमी केला. पण दादांच्या हाताखालून आलेलं काम मी आजवर कधीच पुन्हा मोजलं नव्हतं. उद्यापासून मोजणार आहे, त्यांच्या शेजारच्याच टेबलावर बसून.

तुमच्यावर अशी वेळ आली, तेव्हा तुम्ही त्या माणसाशी काय बोललात?