आबांनी वाढवलेल्या अळ्या

खोटं बोलायची मला हौस नाही, पण सोय म्हणून बोलते. त्या वर्षीही सोय म्हणूनच बोलले.

एरंडोलजवळच्या आमच्या गावात केळीची तोडणी झाली की घड ट्रकमधून जातात आणि खोडं बांधावर सडत पडतात. जळगावच्या एका शिबिरात मी पाहिलं, एका काळ्या माशीच्या अळ्या ही खोडं आणि बाद केळी फस्त करतात, आणि त्याच अळ्या वाळवल्या की कोंबड्यांना उत्तम खाद्य. घरी येऊन मी नवऱ्यामागे भुणभुण लावली. गोठ्यामागे शेड उभी राहिली, त्यात बारा टब.

अडचण एकच, माझे सासरे. आबा महानुभाव पंथाचे, उपदेश घेतलेले. अंगणातल्या मुंग्यांनाही वळसा घालून जाणारे. त्यांना मी सांगितलं की अळ्या कचरा खातात आणि त्याचं खत होतं. ते खरंच होतं. पुढचं सांगितलं नाही.

गुडघे गेल्यापासून आबा ओसरीवर बसून आमच्या चुका काढायचे. शेडमध्ये आले आणि माणूसच बदलला. खोडाचे बारीक तुकडे करायचे, दोन दिवस मुरू द्यायचे, पाणी सुटलं की कोंडा मिसळायचा, हे सगळं ते माझ्यापेक्षा चांगलं शिकले. उशीर झाला तर मलाच झापायचे. "भूक लागनी व्हई यास्ले, आनि तू चहा पी राह्यनी!"

अळी पूर्ण वाढली की काळपट होते आणि कोरडी जागा शोधत टबाबाहेर चढते. आबा तिला केळीच्या पानावर हलकेच उचलून परत आत सोडायचे. आणि रोज विचारायचे, "पोरी, कवय उडतीन या?"

"मळ्यात नेल्या की उडतील, आबा."

अगदीच थाप नव्हती. अंड्यांसाठी थोड्या अळ्या आम्ही जाळीत ठेवायचो, त्यांच्या माश्या व्हायच्या. ती जाळी मी आबांना दाखवली. ते खूश झाले, आणि त्यांना खूश बघून मीही. ते आज बोचतं. बाकीच्या अळ्या सोमवारी, आबा धरणगावच्या आश्रमात गेले की, चुलीवरच्या उकळत्या पाण्यात जायच्या. संध्याकाळी त्यांना रिकामे टब दाखवून मी सांगायचे, मळ्यात सोडून आलो.

एका सोमवारी जीप मिळाली नाही आणि आबा फाट्यावरूनच परतले. मी पातेल्यात झारा फिरवत होते. ते दारात थांबले. आधी पातेल्यात पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"बठ्ठ्या?"

सगळ्या नाही, थोड्याच, असं म्हणता आलं असतं. मी झारा खाली ठेवला.

"हाई मना हातघाई करी लिधं तू," एवढंच बोलले. त्यांच्याच हातून मी हे करून घेतलं होतं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते. भांडण मला जमतं.

आधीच सांगितलं असतं तर काय झालं असतं? ते नाही म्हणाले असते, चार दिवस अबोला धरला असता, आम्ही गडी लावला असता. बस्स. पण मला त्यांचे फुकटचे हात हवे होते. आणि खरं सांगायचं तर त्यांनी मला पोरी म्हणणंही हवं होतं.

शेड आम्ही मळ्यात हलवली. काम छान चाललंय, धुळ्याचा कोंबडीवाला अजून माल मागतो. आबा माझ्या हातचं जेवतात. पूर्वी भाजीत मीठ जास्त पडलं तर अख्खी गल्ली ऐकायची, आता मुकाट्याने ताट संपवतात. माफी मी दोनदा मागितली. दोन्ही वेळा "व्हयी गयं" म्हणाले. पण दिवसातून दहा वेळा काही ना काही विचारणारा माणूस मला आता काहीच विचारत नाही.

परवा त्यांच्या गुडघ्यांसाठी नवीन गोळी आणली. पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, गोळी हातात दिली आणि म्हटलं, "जेवणानंतरची आहे, आबा." त्यांनी ती मुठीत धरून ठेवली. मग माझ्या मुलीला जवळ बोलावलं आणि औषधवाल्याने पाकिटावर लिहिलेलं तिला वाचायला लावलं. ती दुसरीत आहे. तिने एकेक अक्षर जुळवत वाचलं, "जेवणानंतर."

मग त्यांनी गोळी घेतली.