काठी नव्हे, तडा

मी कॉलेजात गेले त्या वर्षी आमच्या देव्हाऱ्यातले चांदीचे टाक आटवले गेले. ज्यांच्या घरी टाक नसतात त्यांच्यासाठी सांगते… टाक म्हणजे कुलदेवतेची मूर्ती ठोकून उठवलेला छोटा पत्रा, तळहातावर मावेल एवढा, रोजच्या पूजेतला. आमचे अण्णा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, हेच टाक करायचे. कल्याणच्या बाजारपेठेत जिन्याखाली त्यांची जागा होती. एक ऐरण, काही ठसे आणि वर एक पिवळा दिवा, एवढंच दुकान. मी नववीत असताना माझे वडील गेले आणि आई नि मी अण्णांच्या दीड खोलीत राहायला आलो. अण्णांनी लग्न केलेलं नव्हतं. आई साड्यांना फॉल लावायची. अण्णांचा धंदा मशीनवर छापलेल्या तयार टाकांनी खाल्लेला. सकाळी भाजी आणि संध्याकाळी तिच्यातच पाणी घालून रस्सा, असे ते दिवस. बारावीनंतर आई म्हणाली, "पोरीला कुठंतरी कामाला लावू." संध्याकाळी त्यांनी आमचेच तीन टाक, खंडोबा, भवानी आणि वीर, मुशीत टाकले, त्या चांदीच्या पैशांतून माझी फी भरली आणि दुसऱ्या दिवशी तसेच तीन तांब्याचे करून जागेवर ठेवले. आई रडायला लागली तेव्हा म्हणाले, "मला चांदीच पाहिजे असं देव कधी बोलला? हातात काय आहे ते बरोबर असलं की देव बरोबर."

अण्णा गेले त्याला आता सात आठवडे झाले. मी आता डोंबिवलीत राहते; ऑफिसला निघालेले, आईचा फोन आला. "अगं, अण्णा उठेनात," एवढंच म्हणाली. भेटायला आलेल्यांनी विचारलं, काय करायचे ते? मी सांगायची, टाक करायचे आणि रोमन नाण्यांवरच्या देवता ओळखायचे. लोक मान हलवायचे. दुःखात काहीतरी बोलतेय, असं त्यांच्या तोंडावर दिसायचं. म्हणून हे लिहून काढतेय.

टाक रोज धुऊन, गंध लावून, पुसून झिजतो. दोन-तीन पिढ्यांनी तो गुळगुळीत होतो, मग घरचे नवा करायला आणतात आणि तोवर आपला देव कोणता हेच विसरलेले असतात. अण्णा तो दिव्याखाली तिरपा धरायचे, अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, तुमचा म्हसोबा आहे, तुमची सप्तशृंगी आहे. मी एकदा विचारलं, चेहराच नाही तर कळतं कसं? म्हणाले, "चेहरा वर आलेला असतो, तो आधी जातो. हात बाजूला असतात, ते मागाहून जातात. म्हणून हात वाचायचे."

मी एफ.वाय.ला असताना खाडीकडची एक बाई तांब्याची चकती घेऊन आली. म्हणाली, "आमची लक्ष्मी आहे, झिजली. नवी करून द्या." अण्णांनी दोन दिवस ती चकती खाली ठेवली नाही. एका हातात शिंग, त्यातून फळं सांडतायत. दुसऱ्या हातात लांब दांड्याचं काहीतरी. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "वैशे, तुझ्या कॉलेजात जरा विचार. लक्ष्मी वल्हं कधीपासून धरायला लागली?" माझा विषय इतिहास. लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात मला तीच बाई सापडली, तेच शिंग, तेच जहाजाचं सुकाणू. फॉर्च्युना, रोमनांची दैवाची देवी. ती चकती म्हणजे रोमन नाणं होतं. कल्याण हे जुनं बंदर, परदेशी गलबतं यायची, हे मी परीक्षेपुरतं पाठ केलेलं. ते आमच्या जिन्याखाली येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. मी घाईघाईत सगळं सांगितलं. अण्णा विचार करून म्हणाले, "दैव देणारी ना? मग बाई कुठं चुकली." त्यांनी सुकाणू आणि शिंगासकट नवा टाक केला, जुनं नाणं परत दिलं आणि त्या बाईला खरं काय ते सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "लांबून आली असेल. पण आता किती वर्षं आमचं कुंकू लावून घेतेय, माहेरी थोडीच जाणार."

तिथून अण्णांना नाद लागला. नाण्यांच्या प्रदर्शनांत कुणी ढुंकून बघत नसे म्हणून स्वस्तात मिळणारी झिजकी, काळपट रोमन नाणी ते निवडून आणायचे. ते हात वाचायचे, मी अक्षरं वाचायची. तराजू धरलेली ती एक्विटास, न्यायाची; सापाला वाटीतून पाजणारी ती सॅलस, आरोग्याची. माझी बी.ए.ची पदवी आणि अण्णांची सातवी एकाच भिंगातून बघायची, असं म्हटलं तरी चालेल. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि ती पदवी मला सगळ्यात जास्त त्या जिन्याखाली उपयोगी पडली.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत नाणेसंग्राहकांचं एक मंडळ महिन्यातून एका रविवारी भरायचं. डॉक्टर, बँकेतले साहेब, प्राध्यापक. अध्यक्ष दामले साहेब, निवृत्त इंजिनिअर. मंडळाची एक मोठी वही होती. प्रत्येक नाण्याची नोंद, आणि शेवटचा रकाना 'ओळख कोणी पटवली'. पहिल्या बैठकीला अण्णा माझ्याबरोबर आपलं सगळ्यात आवडतं नाणं घेऊन गेले. आदल्या दिवशी ते त्यांनी चिंचेने घासून लख्ख केलेलं. देवाला काळ्या तोंडानं चार माणसांत कसा न्यायचा, हा त्यांचा हिशोब. दामले साहेबांनी नाणं हातात घेतलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाले, "अहो, दोन हजार वर्षांत नाण्यावर चढलेली साय होती ही, किंमत तिचीच. तुम्ही खरवडून टाकलीत." सगळे हसले. अण्णाही थोडे हसले. खोपटच्या डेपोत एसटीत बसल्यावर मात्र म्हणाले, "आपल्यात देव घासला की पुण्य, यांच्यात पाप. आधी कुणी सांगायचं तरी…"

मला वाटलं, आता जाणार नाहीत. पण ते दर महिन्याला जायचे, शेवटच्या रांगेत बसायचे आणि अवाक्षर बोलायचे नाहीत. असं दोन वर्षं. मी एकदा चिडून म्हटलं, कशाला जाता तिथं? तेव्हा त्यांनी एकदाच सांगितलं, "मला पुढची खुर्ची नको. त्या वहीत एकदा नाव पाहिजे. ओळखलं म्हणून."

गेल्या वर्षी दामले साहेबांनी स्वतःचंच एक नाणं बैठकीत फिरवलं. अक्षरं पार गेलेली. एक बाई, उजव्या हातात काहीतरी उंच धरलेलं, डाव्या अंगाला पायापासून खांद्यापर्यंत एक उठलेली रेघ. साहेब म्हणाले, "उजवीकडे फांदी, डावीकडे राजदंड. म्हणजे पॅक्स, शांततेची देवी." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि मागून अण्णा उभे राहिले.

"साहेब, ती काठी नाही. ठसा तडकलाय."

कुणीतरी म्हणालं, "अण्णा, ठसे तुमच्या दुकानात तडकतात."

"तडकतात म्हणूनच बोलतोय. नाणंही ठशावर ठोकूनच काढायचे. काठी असती तर कारागिरानं सरळ ओढली असती आणि बोटं तिच्यावर वळवली असती. ही रेघ वाकडी आहे आणि थेट कडेपर्यंत गेलीय. ठशात फट पडली की पत्रा तिच्यात शिरतो, मग अशी रेघ उठते. हिच्या डाव्या हातात काही नाही. नेसूचा घोळ उचललाय तिनं. उभी नाहीये ही, चालतेय."

दामले साहेब सरळ माणूस. म्हणाले, "मी पेन्सिलीनं पॅक्स लिहितो. पुरावा आणा, मी स्वतः खोडीन."

घरी येताना अण्णांनी मला काम सांगितलं. "तडा कडेपासून सुरू होतो आणि ठोक्यागणिक वाढतो. याच ठशातून आधी निघालेलं नाणं शोध. त्यावर तडा आखूड असेल आणि हात मोकळा दिसेल." परदेशातली म्युझियमं आपल्या नाण्यांचे फोटो इंटरनेटवर ठेवतात. पाच आठवडे मी जेवणाच्या सुट्टीत ते फोटो मोबाइलवर उतरवून ठेवायची आणि रविवारी कल्याणला जाऊन अण्णांसमोर धरायची. "नाही. पाय वेगळा." "नाही. मान बघ, हा दुसरा कारागीर." त्यांची तब्येत तेव्हा ढासळायला लागलेली, भिंग ते दोन्ही हातांनी धरायचे. आई म्हणायची, "अहो, एका रेघेसाठी काय जिवाचं करता." ते म्हणायचे, "वहिनी, त्या रेघेवरच सगळं आहे."

सहाव्या रविवारी एक फोटो त्यांनी भिंगाखाली ओढून घेतला. मी म्हटलं, अण्णा, यावर अक्षरं शाबूत आहेत, वाचू? म्हणाले, "अक्षरं मागाहून. तडा बघ." कडेपासून टाचेपर्यंत, बस्, एवढाच तडा. वाकडा, त्याच जागी. त्याच्या वर डावा हात मोकळा, दोन बोटांत धरलेला वस्त्राचा घोळ. उजव्या हातात फांदी नाही, फूल. मग मी अक्षरं वाचली. स्पेस. रोमनांची आशेची देवी. अण्णांनी नाव ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हा फोटो मोठा छापून मिळेल का?"

पुढच्या बैठकीत दामले साहेबांनी नाणं आणि छापील फोटो शेजारी शेजारी ठेवले. भिंग इकडून तिकडे किती वेळा गेलं कोण जाणे. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "चूक माझी. चाळीस वर्षं नाणी बघतोय, ठसा कधी हातात धरला नाही." त्यांनी पेन्सिलीचं पॅक्स खोडलं, पेनानं स्पेस लिहिलं आणि म्हणाले, "पूर्ण नाव सांगा." अण्णांनी वडिलांच्या नावासकट सांगितलं. मग म्हणाले, "शिक्षण सातवी, तेही लिहा."

"त्याला रकाना नाही हो."

"कडेला जागा आहे की."

साहेबांनी कडेला लिहिलं.

त्यानंतर अण्णा दहा महिने जगले. ठाण्याहून, डोंबिवलीहून मंडळाची माणसं अक्षरं गेलेली नाणी घेऊन कल्याणला जिन्याखाली यायला लागली. बसायला जागा नसायची, डॉक्टरसुद्धा पायरीवर बसायचे. आज मंडळाच्या त्या वहीत शेवटच्या रकान्यात अण्णांचं नाव अकरा नाण्यांपुढे आहे. त्यातली चार दामले साहेबांची आहेत.