आठवड्याची भाजी

पेठेतल्या या दोन खोल्यांत राहायला येऊन आम्हाला आठ दिवस झाले. त्याआधी बावीस वर्षं शहराबाहेरच्या सोसायटीत काढली. तिथं साधी कोथिंबीर आणायची तरी गाडी काढावी लागे, म्हणून रविवारी आठवड्याची भाजी भरून ठेवायची सवयच लागली.

आजही दोन मोठ्या पिशव्या घेऊन खाली उतरले. जिन्याच्या तोंडाशीच भाजीवाल्या मावशी बसतात. मी कोथिंबिरीच्या चार जुड्या घेतल्या, मेथीच्या तीन.

"घरात कार्य आहे का, ताई?"

"नाही हो, आम्ही दोघंच."

मावशींनी माझ्याच पिशवीतून जुड्या काढून परत टोपलीत टाकल्या. "मग एकेकच न्या. उद्या मी इथंच आहे."

जिना चढताना पिशवी हलकी होती आणि मीही. बावीस वर्षं फ्रीज गच्च भरत आले, कारण तिकडे 'उद्या इथंच आहे' म्हणणारं कोणी नव्हतं. तिथला उद्या आपला आपणच साठवायचा असे.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाकून विचारलं, "मावशी, उद्या अळू आणाल का?"

"आणते की," त्या म्हणाल्या. वर बघितलंसुद्धा नाही.